हरवल्यासारखे उभे राहा

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं असतं तर आधी त्यांनीच विचारलं असतं, "चक्कीवाले, छापायला देण्याआधी मला दाखवलंत का?" सगळं त्यांना आधी दाखवावं लागे. सुटकेस दाखवावी लागे, बूट दाखवावे लागत, औषधाच्या गोळ्या दाखवाव्या लागत. एकदा तर त्यांनी मला तोंड उघडायला लावून माझी दाढ बघितली होती. "ही हलतेय. काढून घ्या. यूरोपात जे दुखायचं ते झाशीतच दुखवून घ्यायचं."

गावात त्यांना सगळे यूरोपवाले बाबूजी म्हणत. हिंदी लोकही म्हणत, आम्ही मराठी घरंही म्हणायचो. आणि हा माणूस जन्मात लखनौच्या पलीकडे गेलेला नव्हता.

विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. लग्न केलेलं नाही. दतिया गेटाजवळ एका बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात एक पलंग, एक फडताळ आणि यूरोपच्या टूरच्या रंगीत पत्रकांचे गठ्ठे. कुठल्या कंपनीचे ते एजंट नव्हते. कोणाकडून एक पैसा घेत नसत. चहा दिला तर पीत, तोही बिनसाखरेचा. त्यांचा छंद एकच, साध्या माणसांसाठी यूरोपची बरी टूर शोधायची. साधा माणूस कोण, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "ज्याला मोठ्या हॉटेलात झोप येत नाही आणि धर्मशाळेत राहायची लाज वाटते, तो साधा माणूस. त्याच्यासाठी कोणी टूर काढत नाही. शोधावी लागते."

ती शोधायची त्यांची रीत अशी. मुंबईला, पुण्याला, दिल्लीला फोन लावायचे आणि पत्रकात जे लिहिलेलं नाही तेवढंच विचारायचे. मी समोर बसून ऐकलेलं आहे. "बेटा, हॉटेल में लिफ्ट है, वो ठीक. लिफ्ट में आदमी और सूटकेस एक साथ जाते हैं कि बारी बारी?" तिकडची मुलगी म्हणे, "अंकलजी, आप पहले बुक तो कीजिए." "बुक करेंगे. पहले लिफ्ट का बताओ." मग बसमध्ये संडास आहे का, असेल तर उघडा असतो का कुलूप असतं. भात रोज की एक दिवसाआड. हॉटेल गावाबाहेर असेल तर चालेल, पण सकाळी न्याहारी पोटभर का नुसता पाव. पत्रकात "फोटोसाठी थांबा" असं लिहिलेलं दिसलं की तांबड्या पेन्सिलीनं खूण करायचे. "इथे बस थांबत नाही हो. नुसती हळू होते." बारा दिवसांत दहा देश लिहिलेलं पत्रक असलं तर ते खालच्या बांगडीवाल्याला बांगड्या गुंडाळायला देऊन टाकायचे.

पण हे त्यांचं वरवरचं वेड. खरं वेड होतं काळजीचं. मी आयुष्यात पुष्कळ काळजीखोर माणसं बघितली. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या बायका, पीठ बदललं जाईल म्हणून पट्ट्याशेजारी उभ्या राहणाऱ्या. ह्या माणसाचं तसं नव्हतं. हे स्वतःची काळजी करतच नसत. फक्त जे गेलेत त्यांची.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. आपण टूर ठरवून दिलेली माणसं दिल्लीहून विमानात बसली की बाबूजी स्टुलावर चढून त्याचे काटे फिरवायचे आणि ते घड्याळ यूरोपचं करायचे. मग ती माणसं परत येईपर्यंत हे त्या घड्याळावर जगत. तिकडे दुपार झाली की हे जेवणार. आपल्याकडे तेव्हा ऊन उतरलेलं असे. तिकडे सगळे झोपले की हे झोपणार. दूधवाला सकाळी दार ठोठावून दमायचा. म्हणायचा, "बाबूजी विलायत में हैं, अभी नहीं उठेंगे."

कोणीतरी विचारायचं, बाबूजी, तुम्ही कधी जाणार? ते म्हणायचे, "सगळे परत आले की." आणि कोणी ना कोणी तिकडे असायचंच.

आता आमचं सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. लक्ष्मी गेटाशी आमची पिठाची चक्की, माझ्या वडिलांची. पूर्वज पेशव्यांच्या वेळी इकडे आले, फौजेत होते म्हणतात, मी काही बघायला नव्हतो. मला कोणापुढे वाकायची सवय नाही आणि कोणाला रस्ता विचारायचीही नाही. आमची ही लग्न होऊन आली ती चक्कीवरच. चक्कीच्या बाजूच्या भिंतीवर दर वर्षी बियाणेवाल्याचं कॅलेंडर असे. एका वर्षी त्यावर तळं होतं, मागे बर्फाचा डोंगर, पाण्यात हंस. वर्ष संपलं, कॅलेंडर बदललं, पण ते चित्र हिनं कापून ठेवलं. पीठ बसून बसून त्यावरचा डोंगर दिसेनासा झाला. हिला विचारावं तर म्हणायची, "दिसतोय की. नीट बघा."

चक्की भाच्याच्या हाती दिली तेव्हा ही एवढंच म्हणाली, "ते बघून यायचं." बस. आमच्या घरात ही दुसऱ्यांदा काही मागत नाही. पहिल्यांदाही क्वचितच. तेव्हा मला वाटलं, हे झालं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझी झोप गेली. हिला साखरेचा आजार. मला इंग्रजी पाटी वाचता येत नाही. हे मी कोणाला बोललो नाही. बाबूजींना आपोआप कळलं.

"चक्कीवाले, बोटं दाखवा," ते म्हणाले. मी हात पुढे केले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "दळून दळून ठसे गेलेत. दिल्लीला व्हिसासाठी बोटं टेकवायची असतात, मशीन घेणार नाही." मग रोज रात्री खोबरेल लावायचं आणि झाडूला हात लावायचा नाही, असा हुकूम. मी लावलं. दिल्लीला मशीननं माझी बोटं घेतली, आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तीनदा हात पुसायला लावलं. हे मला बरं वाटलं, लपवत नाही.

टूर त्यांनी शोधली ती देश थोडे आणि मुक्काम जास्त अशी. मुंबईची कंपनी, मराठी जेवण, हॉटेलं गावाबाहेरची, पण न्याहारी भरपूर. हिचं तळं त्यात होतं. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "झालं कसं? ओरछा राहिला."

ओरछा म्हणजे त्यांची परीक्षा. ज्यांना टूर ठरवून द्यायची त्या सगळ्यांना ते आधी एक दिवस झाशीजवळच्या ओरछ्याला न्यायचे. सुटकेस भरून, बूट घालून. बस सुटायची वेळ सांगितली की सांगितली, मागे राहिला तो टेम्पोनं आपल्या पैशानं झाशीला. आणि दुपारी, रामराजा मंदिरासमोरच्या बाजारात, हरवायची तालीम. नियम त्यांनी केलेला. जो हरवला त्यानं जागा सोडायची नाही. जो हरवला नाही त्यानं शोधायचं. दोघं फिरत राहिली तर भेटत नाहीत.

सोपं आहे. बँकेतले एक गृहस्थ होते, त्यांची बायको पेढ्यांच्या दुकानाशी शहाण्यासारखी उभी राहिली, ते जाऊन घेऊन आले. मग आमची पाळी. मी गर्दीत शिरलो, मागे बघितलं, ही नाही. मी म्हटलं, हरवली. निघालो शोधायला. हिला मी दिसलो नाही, तर ही म्हणाली, हे हरवले. निघाली शोधायला. बेतवा नदीच्या घाटापासून किल्ल्याच्या पुलापर्यंत आम्ही दोघं ऊन डोक्यावर घेऊन एकमेकांना शोधत होतो. शेवटी बाबूजींनी टेम्पो करून एकेकाला पकडून आणलं. स्वतः घामानं भिजलेले, काठी जमिनीवर आपटत होते.

"तुमच्या घरात हरवायला कोणी तयारच नाही!"

"मी ओरछ्यात हरवेन का बाबूजी? पोरवयापासून येतोय मी इथे."

"तेच म्हणतोय. वहिनी, तुम्ही का नाही थांबलात?"

ही पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी कुठे हरवले होते? मला माहीत होतं मी कुठे आहे. ह्यांचं माहीत नव्हतं."

बँकवाले हसले. बाबूजी हसले नाहीत. त्यांनी जाहीर केलं की ही टूर रद्द, ते आम्हाला पाठवणार नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कोण रद्द करणारे, पैसे माझे. ते म्हणाले, "काळजी माझी." चार दिवस बोलणं नाही. पाचव्या दिवशी हीच त्यांच्याकडे गेली. काय बोलली मला सांगितलं नाही. संध्याकाळी बाबूजी चक्कीवर आले, पीठ उडत होतं म्हणून नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"एका अटीवर. तुम्ही हरवणार. नेहमी तुम्हीच. वहिनी शोधतील."

"मीच का?"

"कारण त्यांना विचारता येतं. तुम्हाला येत नाही."

भाच्यासमोर बोलले हे. मी हो म्हटलं, दुसरा इलाज नव्हता. आणखी एक अट, पासपोर्ट आणि फोन ज्याचा त्याच्याजवळ, गोळ्या-बिस्किटं हिची हिच्याजवळ. तेही हो म्हटलं. पण विमानतळावर हिच्या हातात हे सगळं बघून मला धास्ती वाटली. ही भोळी, कुठे ठेवून विसरेल. मी सगळं माझ्या आतल्या खिशात घेतलं आणि वर बटण लावलं. आमच्याकडे घरातल्या बाईचं सामान पुरुषच धरतो, वडीलही धरत. त्यात गैर काय आहे, मला आजही कळत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला पोचलो. तेच तळं. कॅलेंडरमधलं तेच का दुसरं, मी नक्की सांगू शकत नाही, पण ही बघताच काठाशी जाऊन उभी राहिली. टूरची मॅनेजर मुंबईची एक पोरगी होती, तोंडाला माईक लावून सांगत होती, "आजी-आजोबा, घड्याळ मिळवा, चौकात सगळ्यांनी वेळेवर यायचं, इथे बस उभी करू देत नाहीत, बस येणार, माणसं घेणार, जाणार." तिथे नदी तळ्यातून निघते. त्यावर एक जुना लाकडी पूल, छपराचा, आणि थोड्या अंतरावर दुसरा मोठा पूल, गाड्यांचा. ही काठाशी हंस बघत होती. मी म्हटलं, चल, तो पूल बघू. मी पुढे चालू लागलो. मी नेहमी पुढेच चालतो. लाकडी पूल ओलांडून वळून बघितलं, तर मागे सगळी परकी तोंडं.

तुम्हाला सांगतो, चक्कीचा पट्टा एकदा तुटून माझ्या कानाजवळून गेला होता. तेव्हा छातीत झालं नाही ते तिथे झालं. हिचा फोन माझ्या खिशात. हिचा पासपोर्ट माझ्या खिशात. हिच्या गोळ्या आणि बिस्किटं माझ्या खिशात. दुपारचं खाऊन वेळ झालेली. साखर उतरली तर ही बसल्या जागी कलंडते, आणि कोणाला काही सांगूही शकत नाही.

मी परत धावलो. लाकडी पूल गर्दीनं भरला होता म्हणून गाड्यांच्या पुलावरून आलो. काठाशी हंस होते, ही नव्हती. पुन्हा लाकडी पुलावर. नंतर कळलं की ही तेव्हा गाड्यांच्या पुलावर होती. म्हणजे मी ह्या पुलावरून पलीकडे जायचो तेव्हा ही त्या पुलावरून अलीकडे यायची. वरून कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं दोन म्हातारी प्रदक्षिणा घालताहेत.

मॅनेजर पोरीचा नंबर होता. पण तिला सांगायचं म्हणजे सगळ्या बसला सांगायचं. मी फोन काढला आणि एकचा आकडा दाबून धरला. हे बाबूजींनीच लावून दिलं होतं. पहिली घंटा पुरी वाजली नाही.

"बोला चक्कीवाले. कोण हरवलं?"

झाशीत तेव्हा दिवे लागले असणार. पण त्यांच्या खोलीत दुपारच होती.

"ही हरवली बाबूजी."

"वहिनी नाही हरवणार. ठरलंय आपलं. तुम्ही हरवलात."

"मी नाही हरवलो! मी पुलावर आहे. पूल समोर दिसतोय मला!"

"वहिनींचा फोन कुठे आहे?" मी बोललो नाही. त्यांना कळलं. तिकडून नुसता श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, जोराचा. "गोळ्या?" त्याही माझ्याकडे, मी म्हटलं. "बरं. शेवटी दोघं एकत्र कुठे होतात?"

"हंसांजवळ."

"तिथे जा. आणि हलू नका."

"आणि ती तिकडे कुठे पडली असली तर? मी उभा राहू? बाबूजी, मी हरवलेलो नाही, मला शोधलं पाहिजे."

तेव्हा ते ओरडले नाहीत. इतक्या हळू बोलले की मला फोन कानाला चिकटवावा लागला. "मान्य. तुम्ही हरवला नाहीत. पण एवढं करा माझ्यासाठी. हरवल्यासारखे उभे राहा."

मी गेलो आणि उभा राहिलो. काठाच्या दगडाला धरून. पाय निघत होते, ओढून ठेवले. ते म्हणाले, "फोन ठेवू नका, बिल मी भरीन. समोर काय दिसतं ते सांगा." बहुतेक मला धरून ठेवायला विचारत होते. मी म्हटलं, पाणी आहे. "कसं आहे?" बेतवेसारखं नाही. खालचे दगड दिसतात. "बर्फ आहे?" आहे, लांब. डोंगरावर पीठ सांडल्यासारखं. "हंस किती जवळ येतात?" पायाशी येतात, घाबरत नाहीत. मग म्हणाले, "हवा गार आहे का हो?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाशीत जेठ महिन्याचा उकाडा भरून राहिलेला आहे आणि हा माणूस दोन खोल्यांत बसून मला विचारतोय.

आणि मग मागून आवाज आला, "अहो!"

ही येत होती. हिचा हात एका गोऱ्या म्हातारीच्या हातात होता. ती बाई हंसांना तुकडे घालायला आलेली. हिनं तिला विचारलं होतं, बुंदेलीत, हिंदीत, मराठीत, आणि हात वर करून दाखवलं होतं की एवढा उंच, मिशा अशा, टोपी अशी, चेहरा रागावलेला. ती बाई ओळखून घेऊन आली. तिनं हिला आपल्या पिशवीतला केकचा तुकडाही खायला घातला होता.

"कुठे हरवला होतात?" ही म्हणाली.

"हरवलो नव्हतो. इथेच उभा होतो."

फोनमधून बाबूजी ओरडत होते, "वहिनी आल्या? आल्या ना? मग बोलत काय बसलात, बस!" चौकात बस दुसरा फेरा घालून आली होती. मॅनेजर पोरगी हातवारे करत होती. आम्ही चढलो. मी खिशाचं बटण काढलं, आणि हिचं सगळं हिच्या मांडीवर ठेवलं. हिनं गोळ्या मोजल्या आणि पिशवीत टाकल्या.

परत आलो तेव्हा झाशीच्या स्टेशनावर ते आले होते. आम्हाला मिठाईचा पुडा आणला होता आणि स्वतः उपाशी होते. त्यांच्या घड्याळानं अजून जेवायची वेळ झाली नव्हती. आम्ही त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. ते स्टुलावर चढले, काटे फिरवून आपल्या वेळेवर आणले, आणि म्हणाले, "चला. आता भूक लागली."

त्या दिवशी हिनं त्यांना आमच्याकडे जेवायला बसवलं आणि तळ्याचं सगळं सांगितलं. ते हात कोरडे होईपर्यंत ऐकत बसले. मी म्हटलं, पासपोर्ट काढा बाबूजी, मी खर्च करतो. "काढू," म्हणाले. "हा बँकवाल्यांचा ग्रुप जाऊन येऊ दे."

बँकवाल्यांचा ग्रुप आला, त्यामागून शिक्षकांचा गेला, मग डाकखान्यातल्या तिघांचा. गेल्या जेठात ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. दूधवाल्याला वाटलं, विलायतेत आहेत, उठतील. दुपारपर्यंत कोणाला कळलं नाही.

ग्वाल्हेरहून पुतण्या आला. चांगला मुलगा, अस्थी सावडून झाल्यावर खोली आवरत होता. गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. मग स्टूल ओढून घड्याळ उतरवलं आणि म्हणाला, "काका, टाइम गलत है इसका," आणि काटे फिरवायला लागला.

"हात नको लावूस," मी म्हटलं.

तो घाबरला असावा. मी त्याच्या हातातून घड्याळ घेतलं. बाबूजींचा फोनही मागून घेतला. नगरपालिकेतल्या चार माणसांचा ग्रुप अजून तिकडे होता. बाबूजी गेल्याचं त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. कळवणार तरी कोण आणि कशाला.

घड्याळ आमच्या स्वयंपाकघरात, चक्कीवरून आणलेल्या कॅलेंडरच्या चित्राशेजारी टांगलं. हिनं बघितलं आणि विचारलं, "जेवण कोणत्या घड्याळानं?"

"त्यांच्या."

हिनं कुकर उतरवून झाकून ठेवला.

मला वाटलं नव्हतं फोन वाजेल. चार माणसं, सगळी शिकलेली. तिसऱ्या दिवशी, आमच्याकडे ऊन उतरत होतं, त्या घड्याळात दुपार, तेव्हा वाजला. मी तो आधी उलटाच कानाला लावला, हे मी कबूल करणार नाही, पण हिनं बघितलं.

"बाबूजी?" पलीकडे एक पुरुष, धापा टाकत. "बाबूजी, हमारी मिसेज़ खो गई हैं. फोन भी उनका हमारे पास है. हम तो नहीं खोए, हम तो यहीं हैं, हम जा रहे हैं ढूँढने..."

मी म्हटलं, "भैया, रुको."

"आप कौन?"

"बाबूजी के यहाँ से. सुनो. मान लिया, तुम नहीं खोए. आखिरी बार दोनों साथ कहाँ थे?"

तो म्हणाला, एका कारंज्यापाशी.

"वहीं जाओ. और खोए हुए जैसे खड़े रहो," मी म्हटलं. "फोन मत रखना. सामने क्या दिख रहा है, बताओ."